सगळ्यांत शेवटी मुख्याध्यापिका

ग्रोवदालच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला, सिग्रूनला, स्की करता येत नव्हतं. हा काही गुन्हा नव्हे. पण ग्रोवदालच्या लोकांनी एखादा लहानसा गुन्हा त्यापेक्षा लवकर माफ केला असता.

तिचा जन्म पश्चिमेच्या समुद्रातल्या एका बेटावरचा. तिथे हिवाळा म्हणजे आडवा पाऊस. बर्फ पडलाच तर सकाळी पडायचा आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल व्हायचा. सिग्रूनला होडी वल्हवता यायची, मासा साफ करता यायचा, वादळात दोर कसा बांधायचा तेही यायचं. स्की तिने फक्त टीव्हीवर पाहिली होती, हातात कॉफीचा मग घेऊन. नोकरीच्या मुलाखतीत समितीने विचारलं, "डोंगरातला हिवाळा झेपेल ना?" तेव्हा ती म्हणाली, "हिवाळ्याला मी कधीच घाबरले नाही." हे खरंच होतं. ती उताराला घाबरायची, आणि उताराबद्दल कुणी विचारलंच नाही. नॉर्वेत मोठ्या माणसाला स्की येते का असं विचारणं म्हणजे त्याला चमच्याने जेवता येतं का असं विचारणं.

नोकरी लागली, खोलीच्या दारावर नावाची पाटी लागली, आणि मग तिला शाळेची प्रथा कळली. दर फेब्रुवारीत सगळी शाळा स्कीवरून तळ्याभोवती फेरा मारते. लहान मुलं काठाकाठाने, आणि सातवीची मुलं, म्हणजे ज्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष, ती पलीकडच्या टेकडीवरून मोठा फेरा घेतात. आणि या सगळ्यांच्या मागून, मोठ्या फेऱ्यानेच, सगळ्यांत शेवटी, मुख्याध्यापक. पाठीवर लाल पिशवी. वाटेत पडलेले हातमोजे, टोप्या, काठ्या आणि रडणारी मुलं गोळा करत यायचं. मुख्याध्यापक पोहोचला की मगच सॉसेज निखाऱ्यांवर चढणार, त्याआधी नाही. म्हातारा नील्स निवृत्त होईपर्यंत हे करत आला होता, आणि त्याच्याआधीचेही.

सिग्रूनने शरद ऋतूत गुपचूप एक स्कीजोडी विकत घेतली. घरातल्या गालिच्यावर ती पायांत चढवून उभी राहिली आणि कोट अडकवायच्या खुंटीसकट खाली आली. त्यानंतर ती जोडी पलंगाखाली गेली.

पहिल्या फेब्रुवारीत तिचा घोटा मुरगळला. आठवडाभर ती पट्टी बांधून लंगडत होती, फक्त पट्टी कुठल्या पायाला ते तिच्या नीट लक्षात राहायचं नाही. पहिलीतल्या एका मुलीने काळजीने विचारलं, "सिग्रून, तुझं दुखणं पलीकडे गेलं का?" इथे मुख्याध्यापिकेलाही पोरं नावानेच हाक मारतात, त्यामुळे खोटं बोलताना आदराच्या आडोशाला लपता येत नाही. दुसऱ्या फेब्रुवारीत पाऊस पडला, तळ्यावर पाणी साचलं, सहल रद्द झाली. सिग्रून खिडकीशी उभी राहून इतकं मनापासून "अरेरे" म्हणाली की खेळाचा मास्तर ओड्वार येऊन तिच्या खांद्यावर थोपटून गेला.

तिसऱ्या वर्षी मात्र नोव्हेंबरपासूनच बर्फ कोसळायला लागला. नाताळपर्यंत शाळेच्या खिडक्या अर्ध्या झाकल्या गेल्या. लोक रस्त्यात भेटले की आनंदाने म्हणायचे, "यंदा काय मजा येणार सहलीला!" आणि सिग्रून आकाशात पावसाचे ढग शोधायची. घोट्याची सबब वापरून झाली होती. पाऊस काही येत नव्हता.

तेव्हा तिला सुचलं की सहलच बदलून टाकावी.

आता सरळ तसं म्हणता येत नाही. ग्रोवदालमध्ये चर्चचा रंग बदलेल, पण तळ्याचा फेरा बदलणार नाही. पण एक शब्द असा होता की त्याच्यापुढे सगळ्या नॉर्वेची बोलती बंद होते, आणि सिग्रून शाळाखात्यात वाढलेली बाई, तिला तो चांगला ठाऊक होता. तिने प्रस्ताव मांडला: सर्वसमावेशक हिवाळी दिवस. घसरगाड्या, बर्फाचे किल्ले, शेकोटी, गोष्टी. स्की नाही. कारण प्रत्येकाच्या घरी स्कीची परंपरा असतेच असं नाही, आणि शाळेने कुणालाही मागे पडल्यासारखं वाटू देऊ नये.

पालकसभेला वॉफल होते, त्यावर तपकिरी चीज आणि जॅम. सिग्रून कंबर कसून आली होती. पालकसंघाची अध्यक्ष विग्दिस म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. तिच्या दिवाणखान्यात आजोबांचे स्कीचे चांदीचे कप कपाटभर मांडलेले. ती उठून काय बोलेल या विचारानेच सिग्रूनला घाम फुटला होता.

"उदाहरणार्थ," सिग्रून म्हणाली, "आपल्या सातवीतली इदिल. दर वर्षी त्या मुलीला असं सगळ्यांच्या मागे..." वाक्य तिने पुरं केलं नाही. त्याची गरजच पडली नाही. पालकांनी एकसाथ माना हलवल्या, वॉफल चावायचे थांबले.

विग्दिस उठली. "मी म्हणते, हे आपण फार आधीच करायला हवं होतं."

"अगदी!" मागून कुणीतरी म्हणालं. "पहाटे उठून, बर्फ कसा आहे ते बघून, पोरांच्या स्की चढावर मागे घसरू नयेत म्हणून त्यांना मेण लावायचं म्हणजे... म्हणजे तो मुद्दा नाही. मुद्दा समावेशाचा आहे."

"समावेशाचाच आहे," सगळे म्हणाले.

एका बापाने भीत भीत विचारलं, "पण इदिलच्या आईला एकदा विचारायचं का? हिबाकला?"

"छे छे, विचारायचं कसं?" विग्दिस म्हणाली. "बिचारीला उगीच अवघडल्यासारखं होईल."

हे सगळ्यांना फारच समजूतदारपणाचं वाटलं. मुलीला घेऊन परदेशातून इथे राहायला आलेली हिबाक वृद्धाश्रमात काम करायची; त्या दिवशी तिची संध्याकाळची पाळी होती, ती सभेला नव्हती. तेव्हा तिला अवघडू न देता, तिच्या मुलीसाठी, तिच्या पाठीमागे, एकमताने निर्णय झाला. फक्त ओड्वार खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मी काही म्हणत नाही." ग्रोवदालमध्ये याहून कडक विरोध कुणी कधी ऐकलेला नाही. पण ज्याला काही म्हणायचं नाही त्याचा विरोध धरायचा कसा?

सिग्रून घरी गेली आणि बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली. लागायला नको होती, हे तिलाही कळत होतं. एका बारा वर्षांच्या मुलीच्या आड लपून तिने स्वतःची कातडी वाचवली होती, आणि याची तिला लाज वाटत होती. पण लाज आणि झोप एका पलंगावर सुखाने राहू शकतात.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला हिबाक मुख्याध्यापिकेच्या खोलीत आली. मागे इदिल, हातात स्की. बुटांवरचा बर्फ दोघींनी दारातच झटकला. हिबाक ग्रोवदालची बोली सिग्रूनपेक्षा ठसक्यात बोलायची, कारण ती बोली तिने वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांकडून उचलली होती.

"कुणी सांगितलं तुला, माझ्या पोरीला जमत नाही म्हणून?"

"तसं कुणीच म्हटलं नाही, हिबाक. आम्ही सगळ्यांचा विचार करून..."

"माझाही केलात?"

"तुझा तर सगळ्यात आधी केला."

"मग मलाच कसं कळलं नाही?"

सिग्रूनने टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "बस ना. कॉफी घेतेस?"

"कॉफी नको. दोन हिवाळे आम्ही मायलेकी शाळेमागच्या, दिवे लावलेल्या स्कीच्या वाटेवर रोज संध्याकाळी पडतोय. मी या वयात पडले, माझं कंबरडं मोडलं, आश्रमातली म्हातारी मला म्हणायची, अगं तूच आता इथे भरती हो. आणि आता कुठे पडायचं थांबलंय, तर तुम्ही बर्फाचे किल्ले बांधणार?"

"आई, मी बोलू?" इदिल पुढे आली. बारीकशी पोर, कपाळापर्यंत ओढलेली लोकरी टोपी. "सिग्रून, मी तिसरीत असताना शेवटी आले होते. नील्सबरोबर."

"पण शेवटी नील्सच आला असेल ना? प्रथाच आहे."

"नावापुरता त्याचा एक पाय माझ्या मागे होता, बस्स. सगळी शाळा सॉसेजसाठी माझी वाट बघत उभी होती. भुकेने त्यांचे चेहरे असे झाले होते, आणि तरी सगळे टाळ्या वाजवत होते. चौथीतही तेच. पाचवीत मी पोट दुखतंय म्हणाले." ती थांबली. "यंदा मला मोठा फेरा मारायचाय. पहिली नाही यायचं मला. मला एकदाच लवकर पोहोचून दुसऱ्या कुणाची तरी वाट बघायचीय. भुकेने वैतागून."

पोट दुखतंय म्हणणाऱ्या माणसाची सिग्रूनला चांगलीच ओळख होती.

"पुढच्या सभेला मी सुट्टी घेऊन येणार," हिबाक म्हणाली, "आणि सगळ्यांसमोर विचारणार. कुणाला अवघडायचं असेल तर अवघडू दे."

तेव्हा सिग्रूनने तोडगा काढला. ज्यांना हवं त्यांनी स्की करावी, ज्यांना नको त्यांनी घसरगाड्या खेळाव्यात. ज्याची त्याची निवड. आपण अर्थातच घसरगाड्यांच्या टेकडीपाशी लक्ष ठेवायला थांबणार, हे तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. लहान मुलं असतात तिथे, जबाबदारीचं काम.

शुक्रवारी तिने सगळ्या शाळेला हॉलमध्ये बसवून हे सांगितलं. "तर, घसरगाड्या कुणाकुणाला?"

एकही हात वर झाला नाही. मुलं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत होती. आईबापांचं घरातलं बोलणं त्यांच्या कानांवर गेलं होतं, घसरगाड्या ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आहेत म्हणून. आता इदिल जर तळ्याला फेरा मारणार, तर घसरगाडीवर बसून तोंड कुणाला दाखवायचं? विग्दिसचा मुलगा शेल दर वर्षी फेऱ्याच्या आदल्या दिवशी रडायचा, हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. तोसुद्धा हात मांडीखाली दाबून बसला.

"कुणीच नाही?" सिग्रूनने विचारलं. तिचा आवाज जरा चिरकला. "अगदी कुणीच? संकोच करू नका. फार मजा असते घसरगाडीत."

"मग मागून तूच ना?" ओड्वार भिंतीला टेकून म्हणाला. "तुझ्या स्कींना मी मेण लावून ठेवतो. घोटा बरा आहे ना?"

"कुठला?" सिग्रून म्हणाली.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी तिने घोट्याची पट्टी बाहेर काढली. बराच वेळ ती पट्टी मांडीवर घेऊन बसली. मग तिला इदिल आठवली. मधल्या सुट्टीत ती मुद्दाम येऊन म्हणाली होती, "तू मागे असशील ना नक्की? मुख्याध्यापिका शेवटी असली की बाकी कुणी शेवटचं नसतं." सिग्रूनने पट्टी परत खणात टाकली. घाबरलेली होती ती, पाचावर धारण बसली होती तिची, पण पट्टी बांधवेना.

दिवस निळा, लख्ख उजाडला. मुलं निघाली, आवाज लांब गेले, आणि मागून निघण्याचा एक फायदा सिग्रूनच्या लक्षात आला. आपल्याला कुणी बघत नाही. तळं सपाट होतं. ओड्वारने यंत्र फिरवून बर्फात दोन सरळ खाचा पाडल्या होत्या, त्यांत पाय ठेवून ती घरातल्या सपाता ओढत चालल्यासारखी चालत राहिली. वाटेत तीन हातमोजे मिळाले. तिला वाटलं, जमेल की.

मग टेकडी आली. चढावर ती दोन पावलं वर जायची आणि तीन पावलं मागे यायची. शेवटी तिने स्की काढून खांद्यावर घेतल्या. पण खाचांमधून बुटांनी चालणं म्हणजे ग्रोवदालमध्ये चर्चमध्ये थुंकण्यापेक्षा वाईट, म्हणून ती बाजूच्या मऊ बर्फातून चालली आणि मांडीपर्यंत रुतली. माथ्यावर पोहोचेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले.

माथ्यावरच्या वळणाला, एका मोठ्या झाडामागे, विग्दिस उभी होती. मुलांवर लक्ष ठेवायला पालकांनी तिला तिथे नेमलं होतं. तिच्याही स्की खांद्यावर होत्या आणि तिच्याही पँटला कमरेपर्यंत बर्फ चिकटला होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मेण चुकलं," विग्दिस म्हणाली.

"माझंही," सिग्रून म्हणाली.

"आज बर्फच तसा आहे."

"अगदी तसाच आहे."

विग्दिसने इकडेतिकडे पाहिलं. "इथून खाली गाडीरस्ता लागतो. मी नेहमी तिकडूनच... म्हणजे आज जरा तिकडून जाते. तू पण चल ना. कुणाला कळणार आहे?"

सिग्रूनला क्षणभर वाटलं, जावं. चांदीच्या कपांच्या घरातली बाई रस्त्याने जाते, तर आपण बेटावरची बाई कोण मोठी लागून गेलो? पण पुढे वाटेवर एखादं मूल रडत बसलं असलं तर? लाल पिशवी तिच्या पाठीवर होती. "तू हो पुढे," ती म्हणाली.

वाटेवर कुणीच रडत बसलेलं नव्हतं. उताराच्या तोंडाशी सिग्रून उभी राहिली, स्की घातल्या, खाली पाहिलं आणि खाली बसली. बसूनच ती उतरली, अर्धा उतार पाठीवर, उरलेला कुशीवर. तिची टोपी गेली, एक काठी गेली. ती काठी शोधायला तिला परत वर चढावं लागलं, कारण पडलेल्या वस्तू गोळा करून आणणं हे तिचं कामच होतं.

तळ्याच्या कडेला सगळी शाळा ताटकळत उभी होती. निखारे पडून पडून राखाडी झाले होते, ओड्वारने त्यांत दोनदा लाकडं घातली होती. सॉसेज डब्यांतच. डुकराचं न खाणाऱ्या इदिलसाठीचे गोमांसाचेही वेगळ्या डब्यात, वेगळ्या शेगडीपाशी, तितकेच थंड. मोठा फेरा मारून इदिल मधेच कुठेतरी आली होती. कुणाच्या आधी, कुणाच्या मागे, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि ती त्यावर खूश होती. हिबाक शेकोटीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. विग्दिस तर केव्हाच पोहोचली होती, स्की घालून, गाल लाल, धापा टाकत.

झाडीतून सिग्रून बाहेर आली. केसांत बर्फ, एक स्की पायात आणि एक हातात.

मग ओड्वार मोठ्याने म्हणाला, "मेण चुकलं असणार! चूक माझी, मीच लावलं होतं."

"हो, हो, मेण!" पालक म्हणाले. "आज बर्फच फसवा आहे."

"मला पण घसरायला होत होतं," विग्दिस म्हणाली.

सगळ्यांनी मिळून, न ठरवता, एका दमात, सिग्रूनसाठी सबब तयार केली. तिला फक्त हो म्हणायचं होतं. ती हो म्हणणारच होती, तोंड उघडलंही होतं.

"मी शेवटी आले होते," इदिल म्हणाली, "तेव्हा मेणाचं कुणीच नाही बोललं."

ती भांडत नव्हती, नुसतं आठवून सांगत होती. ओड्वारने मान खाली घातली. हिबाकने मुलीकडे पाहिलं आणि तिची टोपी नीट केली.

सिग्रूनने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मेण बरोबर होतं," ती म्हणाली. "मला स्की येत नाही. कधीच येत नव्हती. घोटाही मुरगळला नव्हता." आणि मग, इथवर आलोच आहोत तर, "सहल मी इदिलसाठी नव्हती बदलली. माझ्यासाठी बदलली होती."

आता लोक चिडतील असं तिला वाटलं. निदान कुणीतरी चिडावं अशी तिची इच्छा होती. पण ग्रोवदालचे लोक चांगले होते. आधी एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. भुकेने ओढलेल्या चेहऱ्यांनी ते टाळ्या वाजवत राहिले. "केवढं धाडस!" कुणी म्हणालं. "या वयात!" कुणी म्हणालं. एका बाईने फोटो काढला. विग्दिस तिच्यापाशी आली, मान एका बाजूला कलती करून, दंडावर हात ठेवून, परक्या मुलखातल्या माणसाशी बोलावं तसं हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "खूप. छान. प्रयत्न. केलास. सिग्रून."

सिग्रूनने तिच्या पँटकडे पाहिलं. कमरेपर्यंतचा बर्फ झटकून झाला होता. सिग्रूनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कृतज्ञतेचं आहे अशी सगळ्यांची समजूत झाली. टाळ्या थांबेनात. अशा टाळ्यांत उभं राहणं काय असतं ते तिला कुणी सांगून कळलं नसतं. आणि हे त्या पोरीने तिसरीत सोसलं होतं, आणि पुन्हा चौथीत.

इदिल टाळ्या वाजवत नव्हती. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली, हातात सॉसेज टोचायची रिकामी काडी, कपाळाला आठ्या.

"किती गं वेळ लावलास!" ती म्हणाली. "भुकेने जीव चाललाय आमचा."

"चुकलं माझं," सिग्रून म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला थोडं बरं वाटलं. "चढवा आता सॉसेज."